दर २५ तासांनी तोच नट सैल होतोय? पाना बाजूला ठेवा, व्हर्नियर काढा

प्रॉब्लेम आधी सांगतो. आमचं दोन सीटचं मायक्रोलाइट, म्हणजे छोटं हलकं विमान आहे, ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर कापड, इंजिन रोटॅक्स. चौघांनी मिळून घेतलंय, आणि शेड मुंबईपासून अडीच तासांवर आहे कारण मुंबईत स्कूटर लावायला जागा मिळत नाही तिथे विमान कुठे लावणार. दर २५ तासांच्या तपासणीत डाव्या चाकाचा स्ट्रट (चाकाला आधार देणारा दांडा) जिथे नळीला बसतो तिथल्या ब्रॅकेटच्या बोल्टवर नटापासून प्लेटपर्यंत मारलेली पिवळी टॉर्क सीलची (काही हललं की तडकणाऱ्या रंगाची) रेघ तुटलेली मिळायची. एकदा झालं, म्हटलं खराब लँडिंग. दुसऱ्यांदा झालं, म्हटलं नट जुना. तिसऱ्यांदा झालं तेव्हा काका म्हणाले, "आता योगायोग म्हणू नकोस." काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडील, आयुष्यभर हँगरमध्ये काम करून रिटायर झालेले, बोलतात कमी आणि बोलले की आपलीच चूक निघते.

आम्ही काय काय केलं ते क्रमाने सांगतो, चुकांसकट, कारण तुमच्याकडेही लोक याच क्रमाने चुकत असणार.

पहिला उपाय जो कुणालाही सुचतो, अजून कसा. मॅन्युअलमध्ये त्या जागेला टॉर्क, म्हणजे कसायचा पीळ, ६० इंच-पाउंड दिलाय, म्हणजे साधारण ६.८ न्यूटन मीटर, आम्ही ते ७५ पर्यंत नेलं. हे करू नका. पोकळ नळीतून आरपार जाणारा बोल्ट जास्त कसला की नळी चेपते, आणि चेपलेली नळी म्हणजे पुढचं महागडं काम. पण गंमत बघा, आमची नळी चेपली नाही, रंगावर साधा ओरखडा नाही. आम्ही खूश झालो, म्हटलं काय मजबूत माल आहे. तो मूर्खपणा होता. जास्त कसूनही समोरच्या वस्तूवर काहीच दाब दिसत नसेल तर तो जोर भलतीकडे जातोय, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.

दुसरा उपाय, नवीन नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला नट. यात तत्त्व बरोबर आहे. असा नट हाताने बोटांनी पूर्ण फिरत खाली जात असेल तर त्याचं लॉकिंग संपलं, तो फेकायचा, आणि किंमत बघता मी तर प्रत्येक वेळी नवाच लावतो. नायलॉनला उष्णता चालत नाही, मर्यादा २५० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे १२१ सेल्सिअस, त्यामुळे एक्झॉस्टजवळ पूर्ण धातूचा लॉकनट लागतो. आणि जिथे बोल्टवर काहीतरी फिरतं, कंट्रोल रॉडचा जोड, बेलक्रँक (रॉडची दिशा बदलणारा फिरता तुकडा), तिथे नुसता नायलॉक लावायचाच नाही, भोक असलेला बोल्ट, कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्या खाचेतून बोल्टच्या भोकात जाणारी स्प्लिट पिन. आमची जागा यातली नव्हती, जोड फिरता नव्हता, उष्णता नव्हती. नवा नट लावला, रेघ मारली, पुढच्या तपासणीला रेघ तुटलेली.

तिसरा संशय टॉर्क रेंचवर, म्हणजे सेट केलेला टॉर्क आला की टक वाजणाऱ्या पान्यावर. शेडमधला रेंच एकाने गाडीसाठी घेतलेला, १० ते १०० न्यूटन मीटरचा, आणि आपल्याला लावायचे सात. म्हणजे तराजू तांदळाच्या गोणीचा आणि वजन करायचंय वेलचीचं. छोटा इंच-पाउंडवाला रेंच मागवला. इथे एक सूचना, इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यात १२ पटीचा फरक आहे आणि पाव इंची बोल्टवर ६० फूट-पाउंड लावायला गेलात तर बोल्ट हातात येईल. दुसरं, नायलॉक फिरवताना त्याचा स्वतःचा अडथळा असतो, तो आधी मोजायचा आणि टॉर्कमध्ये मिळवायचा, आमचा ८ आला म्हणून ६८ वर सेट केलं. आणि शक्यतो नट फिरवायचा, बोल्टचं डोकं नाही. कागदावर सगळं नीट, पुढच्या वेळी रेघ परत तुटलेली. यावेळी मी विचित्र गोष्ट बघितली. रेघ तुटलेली, पण रेंच लावला तर नट जराही न हलता लगेच टक. म्हणजे नट सैल नाहीच! मग रेघ कशी तुटली?

हे उत्तर मिळायच्या आधी मी एक रविवार नागदेवी स्ट्रीटला घालवला, तेही सांगतो कारण निम्मे लोक इथेच घसरतात.

मनात होतं की बोल्टच हलका असेल, जास्त ताकदीचा घेऊ. मस्जिद बंदरला उतरून गल्लीत शिरलो, नमुन्याचा बोल्ट खिशात. ज्यांनी नागदेवी पाहिली नाही त्यांच्यासाठी, तिथे बोल्ट किलोवर मिळतात आणि मापं अजून सुतात चालतात, दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे ५/१६, तीन सूत म्हणजे ३/८. एका दुकानदाराने नमुना हातात घेतला, डोक्यावरची फुली बघितली, म्हणाला, "शेठ, ये कहाँ का है?" मी खरं सांगितलं. त्याने बोल्ट परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मेरे पास नहीं है. और जो बोले मेरे पास है, उससे लेना मत." चहा पाजला वर. माणूस धंद्याला बसला होता तरी.

तो बरोबर होता, का ते सांगतो. विमानाचे साधे एएन (आर्मी-नेव्ही स्टँडर्डचे) बोल्ट निकेल मिश्र पोलादाचे असतात, किमान १,२५,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) ताण सहन करणारे, डोक्यावर फुली किंवा चांदणीसारखी खूण, वर कॅडमियमचं प्लेटिंग. त्यावर बऱ्याचदा पिवळसर सोनेरी झाक असते, आणि बाजारातल्या पिवळ्या झिंक प्लेटिंगचीही अगदी तशीच असते. रंगावरून काहीही कळत नाही. बरेच जण म्हणतात स्टेनलेस लाव, गंजणार नाही, मुंबईची हवा खारी आहे. पण ए२-७० चा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचा, म्हणजे साधारण १,०१,५०० पीएसआय, एएनपेक्षा कमी, आणि खाऱ्या दमट हवेत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की खाल्लं जातं ॲल्युमिनियम. बोल्ट चकचकीत राहतो आणि भोकाभोवती पांढरी पूड दिसायला लागते. कॅडमियम ॲल्युमिनियमशी त्या मानाने जुळवून घेतं, म्हणून ते वापरतात. (कॅडमियम विषारी आहे, असे बोल्ट घासू नका, तापवू नका.) उलट टोकाला १२.९ ग्रेडचा काळा ॲलन बोल्ट, ताकद भरपूर, पण इतकं कडक पोलाद स्वस्तात प्लेटिंग केलं तर हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतं आणि कसल्यानंतर काही तासांनी, दिवसांनी, कुणी हात न लावता तडकू शकतं. विमानाच्या बोल्टला नुसती ताकद पुरत नाही, तुटायच्या आधी थोडं वाकणं लागतं, म्हणजे तपासणीत दिसतं तरी.

आणि ताकद सोडा, माप. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलीमीटर. त्या भोकात एम६, म्हणजे ६ मिलीमीटरचा बोल्ट घातला तर एकूण ०.३५ ची मोकळीक, ठोके खाऊन भोक लांबट होणार. याहून वाईट जोडी म्हणजे १०-३२ (इंची माप, १० नंबरचा व्यास, इंचाला ३२ आटे) आणि एम५. १०-३२ चा व्यास ४.८३ आणि आट्यांचं अंतर ०.७९४ मिलीमीटर, एम५ चा व्यास ५ आणि अंतर ०.८. म्हणजे एम५ चा नट १०-३२ च्या बोल्टवर मजेत चढतो, फक्त सैलसर, आणि नायलॉक असला तर नायलॉनच्या घट्टपणामुळे ते सैलसर असणंही हाताला कळत नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, शोधाशोध करताना आमच्याच विमानात पेडलच्या ब्रॅकेटवर असे दोन नट सापडले, शेडमधल्या कॉफीच्या बरणीतून कुणीतरी लावलेले. कुणी लावले ते चौघांपैकी कुणीच कबूल केलं नाही. बरणी मी त्याच दिवशी घरी आणली.

ज्यांना वाटतं इतक्या बारीक फरकाने काय होतंय, त्यांच्यासाठी १० जून १९९० ची ब्रिटिश एअरवेजची ५३९० नंबरची फ्लाइट. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं विमान, १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, क्रूने पाय धरून ठेवले, को-पायलटने साउथॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. काच आदल्याच दिवशी बदललेली. ९० पैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक, म्हणजे ०.६६ मिलीमीटर, उरलेले सहा ०.१ इंचाने आखूड. माणूस बेफिकीर नव्हता, त्याने जुना काढलेला बोल्ट घेऊन स्टोअरमध्ये डोळ्याने जुळवला. दोन्ही मापांचे आटे इंचाला ३२ च होते, त्यामुळे बारीक बोल्टसुद्धा नटात फिरत गेला. आणि यातली खरी मेख अशी की जुने बोल्टसुद्धा बरोबर नव्हते, आखूडच होते, इतकी वर्षं कसेतरी टिकलेले. म्हणून नमुना खिशात घालून दुकानात जाणं, जे मी करत होतो, ते मुळातच चूक. पार्ट नंबर पार्ट्स कॅटलॉगमधून घ्यायचा, विमानातून काढलेल्या बोल्टवरून नाही.

आता मूळ गोष्ट. नागदेवीचा किस्सा सांगितल्यावर काका हसले आणि म्हणाले, "बोल्ट बदलायला निघालायस, आधी रेघ नीट मार." मी म्हटलं नीटच मारतो. म्हणाले, "तू नटापासून प्लेटपर्यंत मारतोस. बोल्टच्या टोकावरून सुरू कर, नटावरून आण, वॉशरवर, मग प्लेटवर. चौघांपैकी कोण फिरतंय ते कळू दे."

एवढीच गोष्ट. दहा तास उडवून आलो आणि बघितलं, बोल्टचं टोक आणि नट यांच्यातली रेघ अखंड. नट आणि वॉशर यांच्यातली तुटलेली. म्हणजे नट बोल्टवरून सुटत नव्हताच, नट आणि बोल्ट एकत्र, एकमेकांना घट्ट धरून, भोकात फिरत होते! नट बोल्टला घट्ट, पण दोघांनी मिळून प्लेटला धरलेलंच नाही.

हे होतं कधी, तर नट आट्यांच्या शेवटापर्यंत पोचला आणि पुढच्या बिनआट्याच्या दांडीवर अडकला की. रेंचला वाटतं घट्ट झालं, टक वाजतो, आकडा बरोबर. पण तो सगळा जोर नट आणि दांडी यांच्यात, जोडावर शून्य. नळी का चेपली नव्हती ते आत्ता कळलं. हातालाही कळतं खरं तर, चांगल्या जोडात टॉर्क चढत चढत जातो, थोडा फिरवतो तसा जड होतो, आणि इथे एकदम भिंत लागल्यासारखं थांबतं. आम्ही ते "बघ कसं कडक बसतंय" म्हणून ऐकत होतो.

मग व्हर्नियर, बारीक माप घेणारी कॅलिपर. आमचा बोल्ट एएन४-१६ए. हा नंबर कसा वाचायचा तेही सांगतो कारण फसवा आहे. ४ म्हणजे ४/१६ इंच व्यास. १६ म्हणजे सोळा काही नाही, पहिला अंक अख्खे इंच आणि दुसरा सूत, एक इंच सहा सूत, त्यात बत्तिसावा भाग मिळवून लांबी १-२५/३२. म्हणून ७ नंतर एकदम १० येतो, ८ आणि ९ नसतातच. शेवटचा ए म्हणजे स्प्लिट पिनचं भोक नसलेला. यात आटे सोडून जी साधी दांडी उरते, ग्रिप, ती १-५/१६ इंच, ३३.३ मिलीमीटर. आमची नळी आणि दोन्ही बाजूच्या प्लेटा मिळून भरल्या ३१.४. एक जाडा वॉशर १.६. एकूण ३३.०. दांडी ३३.३. जोड ०.३ मिलीमीटर कमी! कागदाइतक्या फटीसाठी आम्ही चार महिने नट, रेंच आणि एकमेकांना दोष देत होतो.

आणि मुळात बोल्ट कंपनीने चुकीचा दिला होता का? नाही. गेल्या वर्षी त्या ब्रॅकेटच्या प्लेटा बदललेल्या, किट बनवणाऱ्यांनी सुधारित पाठवलेल्या, प्रत्येकी १ मिलीमीटर पातळ. आधी एकूण ३३.४ आणि वॉशर मिळून ३५ व्हायचं, दांडी पुरत नव्हती, नट आट्यांवरच बसायचा, सगळं ठीक. पातळ प्लेटा आल्या, बोल्ट तोच राहिला. प्लेटांबरोबर आलेला घडीचा कागद खोक्यातच होता, त्यात स्पष्ट लिहिलंय की एक जादा वॉशर लावा. खोक्यात आम्ही चिंध्या ठेवायचो.

उपाय सांगताना एक मोह टाळा. बोल्ट लांब पडला म्हणून एक सूत आखूड घेऊ, एएन४-१५ए, असं लगेच वाटतं. त्याची दांडी ३०.२, आमच्या जोडापेक्षा १.२ कमी, म्हणजे शेवटच्या २ मिलीमीटरच्या प्लेटच्या निम्म्याहून जास्त जाडीत आटे येणार. आट्यांवर कातरणारा भार नको, ते करवतीसारखे भोक खातात. आमच्या जागेला बरोबर उत्तर तोच १६ए आणि नटाखाली अजून एक वॉशर, ३४.६ होतं, नट आट्यांवर नीट बसतो आणि वर दोन-तीन आटे बाहेर दिसतात. किमान एक पूर्ण आटा तरी नटाबाहेर दिसायलाच हवा. एएन९६० या साध्या वॉशरमध्ये पातळही मिळतात, ०.८ चे, तेवढ्यानेही भागलं असतं, पण कागदात जे लिहिलंय ते लावलं. वॉशर रचून रचून चार-पाच करावे लागत असतील तर मात्र बोल्टच चुकीचा आहे.

वॉशरला हसू नका. २० ऑगस्ट २००७ ला ओकिनावाच्या नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचं ७३७ उतरून थांबलं आणि पेटलं. पंखाच्या पुढच्या स्लॅटमधला (कडेच्या सरकत्या पट्टीतला) एक बोल्ट निसटून इंधनाच्या टाकीत घुसला होता, कारण त्याला धरून ठेवणारा वॉशर तिथे नव्हता. १६५ जण सगळेच्या सगळे बाहेर पडले, विमान राख.

आमचा जुना बोल्ट मी परत लावला नाही. भोकात इतके तास फिरलेला, दांडीवर चमकदार पट्टा पडलेला, आणि आम्ही ७५ ला ओढून त्याचे शेवटचे आटे दुखावलेले. नवा बोल्ट, नवा नट, दोन वॉशर. भोक लांबट झालंय का ते आधी मोजलं, नशिबाने नव्हतं, असतं तर ते काम आमच्या हातचं नव्हतं. आणि काम झाल्यावर ज्याला सहीचा अधिकार आहे त्याच्याकडून तपासून लॉगबुकमध्ये नोंद, रजिस्टर्ड विमानावर "मीच केलं, मीच बघितलं" चालत नाही.

खरेदीचं थोडक्यात. एएन, एमएस, एनएएस असे स्टँडर्ड पार्ट्स विमानाचा माल विकणाऱ्याकडूनच, बिलाबरोबर सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी (माल स्टँडर्डप्रमाणे असल्याचा दाखला) आणि पाकिटावर लॉट नंबर. बाकी पार्टसाठी सीए फॉर्म १, म्हणजे पार्ट वापरायला योग्य असल्याचा आपल्याकडचा दाखला, किंवा बाहेरून येत असेल तर अमेरिकेच्या एफएएचा ८१३०-३ किंवा युरोपचा फॉर्म १. परदेशातून मागवताना बोल्ट १०० रुपयांचा आणि कुरिअर हजारोंचं होतं हे मान्य, म्हणून आम्ही वर्षाचं एकदम मागवतो. "हाच माल आहे, फक्त कागद नाही" असं कुणी म्हणालं तर ८ सप्टेंबर १९८९ ची पार्टनेअरची फ्लाइट ३९४ आठवा, डेन्मार्कजवळ समुद्रात पडलेलं कॉन्व्हेअर विमान, ५५ माणसं गेली, शेपटीच्या उभ्या पंखाला धरणाऱ्या बोल्टांत बनावट निघाले. आणि आलेला माल पाकिटातच ठेवा, लॉट नंबरसकट. बरणी नको.

तर तुमच्याकडे हेच होत असेल तर मी या क्रमाने बघेन. रेघ बोल्टच्या टोकापासून प्लेटपर्यंत मारून पाच-दहा तास उडवा. टोक आणि नट यांच्यात तुटली तर नट सुटतोय, नायलॉक, आटे, एम५-१०-३२ ची भानगड, उष्णता तपासा. नट आणि वॉशर यांच्यात तुटली तर जोडावर दाबच नाही, दांडीची लांबी आणि जोडाची जाडी मोजा, वॉशरसकट. दाब आधी होता आणि नंतर कमी होतोय असं वाटलं तर वॉशरखालचा जाड रंग किंवा पावडर कोटिंग बघा, ते दबून बसतं आणि तेवढा ताण जातो. लाकडाच्या विमानात लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि नंतर आकसतं, तिथे एएन९७० चे मोठे वॉशर आणि मोसम बदलला की परत टॉर्क बघणं. आणि शेवटचं काम झाल्यापासून त्या जोडात काय बदललंय ते लॉगबुकमध्ये शोधा. हे मी शेवटी लिहिलं पण करायचं पहिलं, आम्ही केलं असतं तर नागदेवीचा चहा हुकला असता.

आता ५० तास झालेत. रेघ टोकापासून प्लेटपर्यंत जशीच्या तशी. उजव्या बाजूलाही तीच प्लेट, तोच बोल्ट, तिथे एकच वॉशर होता आणि रेघ कधीच तुटली नव्हती, मोजलं तर जोड ३१.९ भरला, वॉशर धरून ३३.५, म्हणजे ०.२ ने वाचलेला. तिथेही दुसरा घातला. बरणीतल्या एम५ नटांनी बायकोने स्वयंपाकघरातली ट्रॉली घट्ट करून घेतली, एक नट सैल झाला तर मला हाक मारून विचारते, रेघ मारली होतीस का.